डाव्या दारावरचा फायबर

फ्रँकला मोडलेली वस्तू बघवत नसे. खुर्चीचा पाय हलू लागला, छत्रीची काडी निघाली, शेजारणीच्या मिक्सरने आवाज बदलला, की हातातलं ताट बाजूला सारून तो उठायचा. बोलावलं असेल तर उठायचाच, आणि बोलावलं नसेल तर जरा लवकर उठायचा. त्याची बायको सेलीन सांगायची की लग्नाच्या दिवशीसुद्धा हा माणूस चर्चमधल्या बाकाचा खिळा ठोकत बसला होता. ते खरं होतं. त्या खिळ्यात तिचाच झगा अडकला होता आणि फादर हातात पुस्तक घेऊन थांबले होते.

उत्तनच्या बंदरावर त्याचं सगळं आयुष्य गेलं. मिसरूड फुटायच्या आधी बापाबरोबर बोटीवर चढला आणि गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा उतरला. मग बोटीतला आपला वाटा चुलतभावाला देऊन तो किनाऱ्यावर बोटींची डागडुजी करू लागला. हल्ली लाकडी बोटींना बाहेरून फायबर मारतात. काचेच्या तंतूंची चटई फळ्यांवर पसरायची, वरून रसायन फासायचं, सुकलं की दगडासारखं टणक होतं आणि पाण्याचा थेंब आत येत नाही. या कामात फ्रँकचा हात धरणारे फार नव्हते, आणि असले तरी ते फ्रँकला मान्य नव्हते.

बोटीवरच्या जन्माने त्याच्या अंगात दोन गोष्टी मुरल्या होत्या. एक, काही फुटलं तर ते तिथल्या तिथे बुजवायचं, विचार नंतर. दुसरी, समुद्रावर गेलेल्या माणसाला घरचं वाईट कळवायचं नाही. ही दुसरी रीत त्याच्या घरात आज्यापासून चालत आली होती. वाईट ऐकलेल्या माणसाचं लक्ष उडतं, दोरीत पाय अडकतो आणि एकाच्या जागी दोन मयती होतात, असा त्या रीतीचा हिशेब. फ्रँकचा बाप वारला तेव्हा फ्रँक लांब पाण्यात होता. वायरलेसवर त्याला एवढंच सांगितलं गेलं की जाळी गोळा करा आणि या. बंदरावर उतरल्यावर कळलं. रीत बरोबर होती असंच तो कायम सांगत आला.

त्याचा एकुलता एक मुलगा ट्रॉय बोटीवर गेला नाही. डिप्लोमा करून तेलाच्या रिगवर लागला. बापाने आयुष्यभर समुद्रात जाऊन समुद्राला शिव्या घातल्या आणि पोरगा हेलिकॉप्टरने समुद्रात जाऊन पगार घ्यायला लागला, याची फ्रँकला मजा वाटायची. दोन आठवडे तिकडे, दोन आठवडे घरी. घराच्या वर नवा मजला चढवून तिथे ट्रॉय आणि त्याची बायको व्हॅलेरी राहत. व्हॅलेरी वसईची, बोलायला मोजकी आणि सासऱ्याला सांभाळून घेणारी.

वरच्या मजल्यावर मात्र फ्रँकची पंचाईत होती. तिथली प्रत्येक वस्तू वॉरंटीत. पाणी शुद्ध करायचं यंत्र घरघरायला लागलं तेव्हा त्याने ते खोलून, घासून, पुसून परत बसवलं. यंत्र गप्प झालं, पण कंपनीचा माणूस आला आणि सील तुटलेलं बघून आल्या पावली परत गेला. पुढे कपडे धुण्याच्या मशीनचंही तेच झालं. ट्रॉय दोन्ही वेळा हसला होता. "पप्पा, माझ्या वस्तूंना हात लावू नकोस रे बाबा," म्हणाला होता. फ्रँकने ते हसण्यावारी नेलं, कारण हसून सांगितलेलं मनावर घ्यायची त्याला सवय नव्हती.

मग व्हॅलेरीला दिवस गेले आणि फ्रँकच्या हाताला खरं काम आलं. डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख नेमकी ट्रॉयच्या रिगवरच्या आठवड्यांत पडत होती. दवाखाना मीरा रोडला. उत्तनहून अवेळी रिक्षा मिळणं म्हणजे नशिबाची गोष्ट. तेव्हा असं ठरलं की ट्रॉय नसताना त्याची गाडी फ्रँकने चालवायची, तपासणीला न्यायचं आणि वेळ आली की व्हॅलेरीला दवाखान्यात पोचवायचं. बोट सोडल्यापासून एवढं मोठं काम कोणी फ्रँकवर सोपवलं नव्हतं. त्याने ते असं मनावर घेतलं की सेलीनला डाव्या सीटवर बसवून तो सराव करू लागला. वाटेवरच्या मोर्वा, राई, मुर्धा या गावांतला प्रत्येक गतिरोधक त्याने पाठ केला. धक्का बसला की ओरड, असं त्याने तिला बजावलं होतं. ती जिथे धक्का नव्हता तिथेही ओरडायची आणि वर खिडकीबाहेर बघत हसायची.

अपघात म्हणावा असा मोठा अपघात झालाच नाही. ट्रॉय रिगवर होता, गाडी बंदराच्या उतारावर उभी होती, आत कोणी नव्हतं. बंदरावर बर्फ पुरवणाऱ्या महिपतचा टेम्पो मागे येता येता गाडीच्या डाव्या दारावर येऊन बसला. महिपत उतरून हात जोडू लागला, पण फ्रँकचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो दाराकडे बघत होता. दार आत गेलं होतं आणि अर्धवटच उघडत होतं. फ्रँकचे हात शिवशिवायला लागले.

गाडी त्याने बोटींच्या रांगेत नेऊन लावली. दोर बांधून दार बाहेर ओढलं, हातोडीने ठोकून सरळ केलं, उरलेल्या खड्ड्यात फायबर भरला, घासून गुळगुळीत केला आणि बोटीवर नावाची अक्षरं रंगवून उरलेला पांढरा रंग वर मारला. दार उघडायला लागलं, मिटायला लागलं. बंदरावरच्या चार जणांनी वाहवा केली. सेलीन तेवढी पदराने हात पुसत उभी राहिली.

"ट्रॉयला सांगितलंस?"

"समुद्रावर हाय तो."

"आल्यावर सांगशील?"

"आल्यावर काय सांगायचं? दिसणारच न्हाय काय झालं ते."

दिसलं. ट्रॉयने घरात पाऊल टाकायच्या आधीच दिसलं. गाडी मोतिया पांढरी आणि दार चुन्यासारखं पांढरं. शिवाय उन्हात तिरकं बघितलं की दाराला बोटीसारखं थोडं पोट सुटलेलं. ट्रॉयने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि बोटाच्या पेराने दार वाजवलं. आवाज बद्द आला.

तो ओरडला असता तर फ्रँकला बरं वाटलं असतं. ओरडण्याला ओरडून उत्तर देता येतं. पण ट्रॉय अंगणातल्या क्रूसाच्या चौथऱ्यावर बसला आणि हळू आवाजात विचारू लागला.

"कधी झालं?"

फ्रँकने सांगितलं.

"गाडीचा विमा हाय, पप्पा. मला एक फोन केला असतास तर मी कंपनीला कळवलं असतं. ते गॅरेज सांगतात, आपण गाडी नेऊन द्यायची, पुढचं गॅरेज आणि कंपनी आपसात बघतात. आता ते विचारणार, ठोकलं कुठे? काय दाखवू? तुझा फायबर?"

"तू समुद्रावर होतास."

"म्हणून न्हाय सांगितलंस?"

"समुद्रावरच्या माणसाला असलं सांगत न्हाय आपण."

ट्रॉयने बापाकडे बघितलं. "व्हॅलेरीची वेळ येईल तेव्हाही मी समुद्रावरच असणार हाय. तेव्हा काही वाईट झालं तर? तेव्हापण न्हाय सांगणार? मी परत आल्यावर बंदरावर कळणार मला?"

फ्रँक सांगणार नव्हताच. त्याने त्यावर कधी विचार केला नव्हता, पण उत्तर त्याला माहीत होतं आणि ट्रॉयलाही.

"जे काय मोडेल ते मोडलेलं राहू दे," ट्रॉय म्हणाला. "हात लावू नको. मला सांग. एवढंच मागतो मी. आणि ते तुझ्याच्याने व्हायचं न्हाय." त्याने तिथेच बसून भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या जितेशला फोन लावला. जितेशची भाड्याची गाडी होती. व्हॅलेरीच्या तपासण्या आणि बाळंतपणाची धावपळ, सगळं त्याने जितेशला सांगून टाकलं, बापाच्या देखत. फ्रँकला थोबाडीत बसल्यासारखं झालं. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि या वेळी काही मोडलं म्हणून उठला होता असंही नव्हतं.

विमा कंपनीने फोनवर दोन-तीन गॅरेजची नावं दिली. त्यातलं मीरा रोडचं, हायवेजवळचं, ट्रॉयने निवडलं. फ्रँकला हा प्रकारच पटेना. खर्च ज्याने द्यायचा त्यानेच दुरुस्ती करणारा माणूस सुचवायचा, मग तो काम गाडीचं करणार की कंपनीचं? ट्रॉयने त्याला समजावलं की आपल्या मनाच्या गॅरेजलाही नेता येतं, पण मग आधी आपण भरायचं आणि नंतर कंपनीकडून वसूल करत बसायचं, आणि ते करायला तो घरी नसणार. शंका चुकीची नव्हती, पण शंका घ्यायचा हक्क फ्रँकने फायबर मारून घालवला होता, हे ट्रॉय बोलला नाही तरी ऐकू आलं.

ते गॅरेज बघून फ्रँकची आणखीच गोची झाली. बाहेर काच, आत एसी, सोफा, कॉफीचं मशीन. काम चालायचं ते दुसऱ्या काचेच्या पलीकडे आणि तिथे गिऱ्हाइकाला जायची बंदी. यतीन नावाचा इस्त्रीच्या शर्टातला तरुण गिऱ्हाइकांशी बोलायला होता. नुकसान तपासायला विमा कंपनीच्या सर्वेअर मॅडम आल्या. त्यांनी दार वाजवलं, वाकून बघितलं आणि विचारलं, "हे काय मारलंय?"

फ्रँक पुढे झाला. चटई कुठली, रसायन किती, सुकायला ऊन किती लागतं, सगळं त्याने मन लावून सांगितलं. मॅडमनी मध्ये न बोलता ऐकलं.

"अंकल, बोटीसाठी एकदम मस्त असेल," त्या म्हणाल्या. "पण मला खालचं दिसायला पाहिजे ना. जे दिसतच नाहीये ते मी पास कसं करू? हे सगळं काढून टाका, दार आतून खोला, मग मी परत बघते."

"मी काढतो," फ्रँक म्हणाला. "ग्राइंडर द्या."

"पप्पा, बस," ट्रॉय म्हणाला.

फ्रँक बसला.

दुसऱ्या दिवशी ट्रॉय रिगवर गेला. जाताना बजावून गेला की गॅरेजला रोज जायची गरज नाही, ते फोन करतील. फ्रँक रोज गेला. उत्तनहून बसने भाईंदर, तिथून लोकलने मीरा रोड, मग शेअर रिक्षा. सोफ्यावर बसून काचेतून बघायचा. कोणी पाना चुकीचा धरला असं वाटलं की त्याचा हात मांडीवरच वळायचा, पण तो उठायचा नाही. यतीनला त्याची सवय झाली. तो न मागता कॉफी आणून द्यायचा.

"अंकल, घरी काय काम नाही का तुम्हाला?"

"हाय ना. पण तुटलेलं काय न्हाय."

फायबर काढला त्या दिवशी ग्राइंडरचा आवाज काचेपलीकडून बराच वेळ येत होता. फायबर सहजी निघत नव्हता आणि त्याचं फ्रँकला आतून बरं वाटत होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. मग आवाज थांबला. कामगार दाराभोवती गोळा झाले. यतीन आत गेला, वाकला, आणि बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा नेहमीचा नव्हता.

"अंकल, आत या. दाखवायचंय."

दार काढून स्टँडवर ठेवलं होतं. आतलं अस्तर सोललं होतं. यतीनने बॅटरी मारून दाखवलं. दाराच्या पोटात आडवा पोलादी दांडा असतो. बाजूने कोणी ठोकलं तर मार त्या दांड्याने घ्यायचा, म्हणजे आतल्या माणसाला लागत नाही. तो दांडा धनुष्यासारखा वाकला होता आणि एका टोकाला जोडातून सुटला होता. दोन दारांमधल्या खांबाचा खालचा भाग आत गेला होता, आणि सीटचा पट्टा त्याच खांबाला.

"हे वरून दिसत नाही," यतीन म्हणाला. "दार उघडत होतं, बंद होत होतं, तर कोणालापण वाटेल ओके आहे. पण असं असताना परत या साइडने कोणी मारलं असतं ना..."

"हात लावू?" फ्रँकने विचारलं.

यतीन बाजूला झाला. फ्रँकने सुटलेल्या टोकावर बोट फिरवलं. बोटीत पाणी आलं नाही की बोट दुरुस्त झाली, एवढंच त्याला ठाऊक होतं. त्याने या दाराचं तेच केलं होतं. पाणी येणार नाही असं दार बनवलं होतं. आणि असं दार बनवल्यावर, ट्रॉय घरी यायच्या आधी, तो व्हॅलेरीला दोनदा मीरा रोडला घेऊन आला होता. डाव्या सीटवर बसवून, पट्टा लावून, एकही गतिरोधक जाणवू न देता. येताना ती म्हणाली होती की पप्पांच्या गाडीत झोप लागते.

यतीनने त्याला धरून बाहेर आणलं आणि सोफ्यावर बसवलं. आयुष्यात वादळं बघितलेला माणूस, पण असा कधी घाबरला नव्हता. वादळात निदान भीती समोर दिसते.

यतीन जवळ बसला. पोरगं मनाने चांगलं होतं. "टेन्शन नका घेऊ. मॅडमना मी फोटो पाठवलेत, त्या पास करतील. दार नवीन टाकू, खांब मशीनवर खेचून सरळ करू. सरांना मीच कॉल करतो. आतलं डॅमेज निघालं, कंपनीने मान्य केलं, बस. तुमच्या फायबरचं नावपण काढत नाही. खोटं तर काहीच नाही ना त्यात?"

खोटं काहीच नव्हतं. फ्रँक कॉफीच्या मशीनकडे बघत राहिला. गप्प बसण्यासाठी कारणं तरी किती हजर होती. ट्रॉय समुद्रावर होता, ओल्या पोलादावर चालत होता. त्याचं लक्ष उडवायचं नाही ही घरची रीत होती. आणि हे ट्रॉयला कळलं तर व्हॅलेरी सोडाच, रिकाम्या गाडीची किल्लीसुद्धा आपल्या हाताला लागणार नाही, हेही होतं. जितेश आत्ता तात्पुरता होता. मग तो कायमचा झाला असता.

पण त्याला बापाची मयत आठवली. कोणाला सांगितलेली नव्हती अशी एक गोष्ट आठवली. वायरलेस आला त्याच्या आदल्या दिवशी जाळ्यात मासळी अशी लागली होती की बोटीवर सगळे नाचले होते. फ्रँक सगळ्यांत जास्त. परत येतानाही तो वाटभर गात होता. बंदरावर पाऊल ठेवलं तेव्हा बर्फवाल्यापासून टोपलीवालीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी त्याला गात येताना बघितलं होतं. बाप घरात पडलेला आणि मुलगा गातोय. रीत बरोबर होती असं तो उभ्या जन्मात म्हणत आला, आणि त्या गाण्याची लाज त्याला अजून वाटत होती. ट्रॉय आत्ता कुठेतरी जेवणाच्या टेबलावर हसत असेल, असं त्याच्या मनात आलं.

"तू नको करू फोन," तो यतीनला म्हणाला. "मी करतो."

ट्रॉयने फोन उचलला. मागे यंत्रांची घरघर होती.

"कुठे हायस? उभा हायस की बसलायस?" फ्रँकने विचारलं.

"का? व्हॅलेरी...?"

"व्हॅलेरी चांगली हाय. आय चांगली हाय. तू आधी बस. बसलास? मी वाईट सांगणार हाय. माझंच हाय, पण तू ऐक."

आणि त्याने सांगितलं. दांडा कसा वाकलाय, जोड कसा सुटलाय, पट्ट्याचा खांब कसा आत गेलाय. आपण वरून फायबर मारला म्हणून ते कोणाला कळलं नाही. आणि तसल्या दारामागे बसवून व्हॅलेरीला आपण दोनदा नेलं. दोन्ही खेपा त्याने सांगितल्या. कुठलाही शब्द त्याने घासून गुळगुळीत केला नाही.

"ती त्याच बाजूला बसली होती, पप्पा," ट्रॉय म्हणाला.

"हां."

फोन बंद झाला. फ्रँकने तो खिशात ठेवला आणि बस पकडून घरी आला.

सेलीनने ऐकलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. जे झालं त्यापेक्षा रिगवरच्या पोराला ते सांगितलं, याचाच तिला जास्त राग आला. तिने अंगणातल्या क्रूसाजवळ मेणबत्ती लावली आणि ट्रॉयचा पाय कशात अडकू नये म्हणून माळ घेऊन बसली. ट्रॉय रोज व्हॅलेरीला फोन करायचा. वरच्या मजल्यावरून तिचं बोलणं, मधूनच हसणं ऐकू यायचं. पप्पांना दे असं तो म्हणाला नाही, आणि फ्रँकनेही जिन्यावर पाय ठेवला नाही. तो बोटींवर गेला, पण हातात ब्रश घेतला की जोडाशी जाऊन बघायचा, परत परत बघायचा. एका बोटीची फळी वरून ठीक असताना त्याने उकलायला लावली. बोटवाला चिडला. फ्रँक म्हणाला, "आतून बघू दे," आणि हटला नाही.

गाडी तयार झाल्याचा फोन आला तो व्हॅलेरीच्या तपासणीचाच दिवस निघाला. जितेशच्या गाडीने दोघं मीरा रोडला गेली, फ्रँक पुढे, व्हॅलेरी मागे. तपासणी आटोपून गॅरेजला आली. यतीनने दार उघडून, मिटून दाखवलं. जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवून खांब दाखवला. फ्रँकने बारकाईने बघितलं. रंगात कुठे फरक नव्हता, दाराला पोट नव्हतं. मिटताना एकच दमदार आवाज यायचा.

"हे मला जन्मात जमलं नसतं," तो म्हणाला, आणि ते म्हणायला त्याला थोडा वेळ लागला.

सही करून तो बाहेर आला तर व्हॅलेरी डाव्या सीटवर बसून पट्टा लावत होती. जितेशची गाडी कुठे दिसेना.

"मी पाठवलं त्याला," ती म्हणाली.

"ट्रॉयला विचारलंस?"

"बसायचं मला आहे ना, पप्पा?"

"तुला माहीत न्हाय काय झालं ते."

"माहीत आहे. तुमचा फोन झाल्यावर त्याने लगेच मला केला होता. खूप चिडला होता. घाबरलापण होता." तिने पट्टा पोटाखाली सारखा केला. "मीपण घाबरले. पण तुम्ही बोलला नसतात तर मला कधी कळलंच नसतं. चला, ऊन खूप आहे."

फ्रँकने गाडी काढली. भाईंदरचा पूल ओलांडला, गर्दी मागे पडली, मुर्धा गेलं. तो गाडी अशी चालवत होता की मागचे स्कूटरवाले हॉर्न वाजवून थकले. राईच्या जवळ डाव्या बाजूने आवाज यायला लागला. बारीक, टरटर असा. खड्डा आला की वाढायचा.

फ्रँकचा डावा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि आवाजाच्या दिशेने निघाला. मग परत जागेवर आला. त्याने गाडी झाडाखाली घेतली, थांबवली आणि फोन काढला. व्हॅलेरी त्याच्याकडे बघत राहिली.

ट्रॉयने फोन उचलला.

"गाडी घेतली," फ्रँक म्हणाला. "राईला हाय. व्हॅलेरी बाजूला हाय, तिने जितेशला परत पाठवलं, मी न्हाय. आणि डाव्या बाजूने आवाज येतोय. दोन दारांमधल्या खांबाजवळनं. मी हात लावलेला न्हाय. परत गॅरेजला नेऊ?"

मग ट्रॉयने विचारलं, "कसला आवाज?"

"प्लास्टिकचा. लोखंडाचा न्हाय. पण मी उघडून बघितलं न्हाय."

"पट्टा धरतोय नीट?"

फ्रँकने खूण केली तसा व्हॅलेरीने पट्टा झटक्याने ओढून बघितला. त्याने घट्ट धरलं. "धरतोय," फ्रँक म्हणाला.

"बघ ना मग जरा," ट्रॉय म्हणाला. "तूच बघ, पप्पा."

फ्रँक उतरला, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आला आणि दार उघडलं. पट्ट्याजवळचं प्लास्टिकचं झाकण एका कडेला नीट बसलं नव्हतं. त्याने ते आधी खालून चाचपलं, मागे दुसरं काही हलत नाही ना ते बघितलं आणि मग अंगठ्याने दाबलं. टक्कन बसलं. फोन त्याने कानाला तसाच लावला होता.

"झाकण होतं," तो म्हणाला. "बसलं. बाकी काय न्हाय. मी आतून बघितलं."

"बरं," ट्रॉय म्हणाला. "जितेशला मी सांगतो, नको म्हणून. तारखेला तूच ने तिला."

फ्रँक दार धरून तसाच उभा राहिला. व्हॅलेरीने हात लांब करून त्याच्या कानावरचा फोन घेतला.

"ऐकलं त्यांनी," ती ट्रॉयला म्हणाली. "रडतायत."